नाकावर चौघंच होते

९ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर तू तीन वेळा "हं" म्हणतोस आणि फोन मामीच्या हातात देतोस, म्हणून पत्र लिहितेय. शिवाय इथे डोंगराखाली फोन लागतो तो फक्त तिकीटखिडकीच्या मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं तर, आणि तिथे आधीच रांग असते.

मला इथे नोकरीला लागून महिना झाला. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली दिली आहे. पलंग, टेबल, खुर्ची आणि खिडकीत वाटाड्या. खरंच, सकाळी पडदा सरकवला की समोर त्याचा चेहरा. ऊन आधी कपाळावर येतं, मग नाकावर, आणि माझे दात घासून होईपर्यंत हनुवटीवर उतरतं. लहानपणी तू सांगायचास तेव्हा मला तो घराएवढा वाटायचा. प्रत्यक्षात आपली अख्खी गल्ली त्याच्या कपाळावर मावेल.

दिवसाला माझ्याकडे पाहुण्यांचे सहा गट असतात. गच्चीवर उभं राहून मी सांगते की पुराच्या वर्षी खोऱ्यातली सगळी माणसं एका वाटाड्याने या खिंडीतून पलीकडे नेली, त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून शिल्पकाराने निदान त्याला चेहरा दिला. काम अकरा वर्षं चाललं आणि डाव्या कानाशी येऊन थांबलं. कान अर्धाच का, हे लोक हमखास विचारतात. मी सांगते, शिल्पकाराने तो मुद्दाम अपुरा ठेवला, कारण वाट दाखवणाऱ्याचं ऐकणं कधी पुरं होत नाही. काल हे ऐकून एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता खरी बातमी. दगडावर इथे एकच नाव आहे, शिल्पकाराचं. मी पहिल्याच बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, ज्यांनी अकरा वर्षं दगड फोडला त्यांची नावं कुठे आहेत? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांच्या ताटातलं उचललं. पण आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "नावं आणा, भिंत मी देते." मामा, भिंत मिळाली. आणि यादीत पहिलं नाव मी तुझं घातलं आहे: खोदकाम, नाक.

तुझ्याबरोबर दोराच्या झोपाळ्यावर कोण कोण होतं ते सविस्तर कळव. आणि १५ एप्रिलला अनावरण आहे, तेव्हा तू आणि मामी येणार आहात. सातशे बारा पायऱ्या आहेत, पण हळूहळू चढू. मला तुझ्याबरोबर वाटाड्याच्या डोक्यावर उभं राहायचंय.

तुझी भाची

०

२१ जानेवारी

पदवीबाई यांस,

पत्र पोचलं. मामीने दोनदा वाचून घेतलं आणि मग जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं फळीवर ठेवलं. तुझ्या आईलाही फोन करून सांगून झालं. आपल्या घराण्यात बैठकीत उभं राहून बोलणारं आजवर कुणी नव्हतं. आपण आपले बसायला सांगितलं तरी उभे राहणारे.

भिंतीचं म्हणशील तर माझं नाव राहू दे. भिंतीवर नाव लागायला आधी माणूस जावा लागतो, मी अजून इथेच आहे. गुडघाही हल्ली कुरकुरतो. शिवाय एप्रिलमध्ये दवाखान्याच्या फाटकाचं काम घेतलंय, दोन्ही झडपा मलाच जोडायच्या आहेत. कारागिरांवर सोडलं तर फाटक उघडेल, पण मिटणार नाही.

जुन्या गोष्टी किती लक्षात राहणार? वारा फार असायचा. धूळ इतकी, की कोण कुणाचं ते संध्याकाळी तोंड धुतल्यावर कळायचं.

पायथ्याशी भट्टीची पत्र्याची शेड होती, सामान वर नेणाऱ्या ट्रॉलीच्या खांबाजवळ. ती आहे का अजून?

जेवण वेळेवर घे.

मामा

०

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू असाच आहेस. सगळ्यांची फाटकं नीट बसवशील आणि स्वतःचं नाव आलं की दार लावून घेशील. पण या वेळी मी ऐकणार नाही.

झालंय असं, की आम्ही वर्तमानपत्रात निवेदन दिलं: ज्यांनी किंवा ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी वाटाड्याच्या कामावर मजुरी केली त्यांनी कळवावं. एकतीस पत्रं आली. त्यातल्या तेवीस जणांनी नाक घडवलं आहे. प्रमुख बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "एवढे लोक नाकावर असते तर वाटाड्याला सोंड आली असती." उरलेल्यांत सहा जण डोळ्यावर आणि दोन जण ओठांवर. हनुवटी, कपाळ, दोरखंड, स्वयंपाक, यांवर एकही नाही. ते काय आपोआप झालं?

हजेरीची बुकं तळघरात पाणी शिरून कधीच लगदा झाली आहेत, त्यामुळे पडताळायला काही नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलं की १० मार्चच्या बैठकीपर्यंत यादी खरी ठरली नाही, तर त्या खोटी भिंत उभारणार नाहीत, शिल्पकाराचं एकट्याचं नाव आहे तसं राहील. तेव्हा मी म्हणाले, माझा मामा नाकावर होता. जिवंत आहे, शुद्धीवर आहे आणि आयुष्यात कुणाशी खोटं बोललेला नाही. तो सांगेल तिथे कोण होतं ते. सगळं आता तुझ्या एका पत्रावर आहे.

मामा, मी पाचवीत असताना शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं, इतिहास कोण घडवतं? मी हात वर करून म्हणाले होते, माझा मामा. वर्ग हसला. मी पुढे इतिहासच घेतला तो त्या हसण्याला उत्तर द्यायला. आता द्यायची वेळ आली आहे.

तुझी शेड नाही, तिथे आता गाड्या लावतात. पण तू तिची चौकशी का केलीस कळलं नाही. तू तर दिवसभर वर असायचास.

लवकर लिही.

तुझी भाची

०

२७ फेब्रुवारी

पदवीबाई,

उशीर झाला. चार कागद फाडले. हा पाचवा आहे, हा फाडणार नाही.

मी नाकावर नव्हतो. कपाळावर, हनुवटीवर, कुठेच नव्हतो. सहा वर्षं मी त्या शेडमध्ये होतो.

एकोणीस वर्षांचा असताना खोदकामाला म्हणूनच गेलो होतो. पहिल्या दिवशी वाटाड्याच्या डोक्यावर नेलं, झोपाळ्याच्या पट्ट्यात बसवलं आणि दोर सोडायला लागले. दहा फूट खाली गेलो असेन. पायाखाली काही नाही हे कळलं आणि माझे हातपाय माझे राहिले नाहीत. ओरडलोही नाही. वर ओढून घेतलं तेव्हा माझी मूठ दोरावरून सोडवायला दोघं लागले. शिल्पकार तिथेच होते. रागावले नाहीत. म्हणाले, "याला भट्टीवर द्या, मूठ चांगली आहे." त्यानंतर मी कधी वर गेलो नाही.

पहिल्या सुट्टीला घरी आलो तर आमच्या वडिलांनी सगळीकडे सांगून ठेवलेलं, पोरगं डोंगराला लटकतं म्हणून. लोक विचारायचे, नाक केवढं आहे रे? मी म्हणायचो, अठरा फूट. एवढंच. लटकलो असं मी म्हणत नव्हतो, पण नाही असंही म्हणत नव्हतो. तुझी आई तेव्हा चार वर्षांची. ती सगळ्यांना सांगत सुटली. मग बरीच वर्षं गेली आणि एक दिवस तू माझ्या मांडीवर बसून विचारलंस, मामा, तू त्याच्या नाकात बसून डबा खायचास? मी हो म्हणालो. तू इतकी हसलीस की पुढच्या वेळी मी डब्यात काय होतं तेही सांगितलं.

आमचं काम असं असायचं. खोदणारा दिवसाला दगड फोडायच्या पंचवीस-तीस लोखंडी सळ्या बोथट करायचा. संध्याकाळी प्रत्येकाची जुडी ट्रॉलीतून खाली यायची, तिला पत्र्याची चकती बांधलेली, चकतीवर खडूने जागा: नाक, भुवई, कान. आम्ही टोकं तापवून, ठोकून, पाजवून, पाणी देऊन सकाळी परत वर पाठवायचो. माणूस दिसायचा नाही, पण सळी बघून ओळखू यायचा. नाकावर चौघंच होते, चौघांच्या वर कधी झाले नाहीत, जागाच नव्हती. सगळ्यांना टोपणनावं होती. डावऱ्याची टोकं डावीकडे तिरकी झिजायची. उंट उंचावरून दाब द्यायचा, त्याची टोकं फुलून यायची. मुनीच्या सळ्या अशा एकसारख्या झिजायच्या की ठोकायला जीव व्हायचा नाही. आणि शिंक्या, त्याला धूळ सोसायची नाही, शिंक आली की सळी वाकडी. त्याला नेमकं नाकावरच का ठेवलं होतं देव जाणे. आता हे सांगून काय उपयोग. मी सांगणारा कोण, हे तुला कळलंच.

तुझ्या साहेबबाईंना सांग, भाचीची चूक नाही, मामाने फसवलं. माझं नाव खोड. तुझ्या नोकरीला धक्का लागू देऊ नकोस, मी हवं तर येऊन त्यांच्यासमोर उभा राहतो.

मामीला हे माहीत नाही.

मामा

०

४ मार्च

मामा,

पत्र मिळालं. त्याला तीन दिवस झाले.

या तीन दिवसांत अठरा गट झाले. गच्चीवर उभी राहून मी नाक गाळून थेट हनुवटीवर जाते. मी रागावले आहे का, मला सांगता येत नाही. लहान मुलीला डब्याची गोष्ट सांगितलीस, ते ठीक. पण जानेवारीत मी तुला नीट विचारलं होतं, मोठी होऊन विचारलं होतं, तेव्हा तू गुडघा पुढे केलास.

१० तारखेच्या बैठकीत मी तुझं पत्र बाईंना देणार आहे. लपवून ठेवलं तर मी कुठल्या तोंडाने इतिहास सांगू? तुझी बेअब्रू करायची म्हणून देत नाही, एवढं समजून घे.

गुडघ्याला शेक देत जा, खरंच दुखत असेल तर.

भाची

०

८ मार्च

लाडके,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, त्यामुळे शुद्धलेखन बघू नकोस. तुझं पत्र आल्यापासून हे बाहेरच्या पायरीवर बसून आहेत. भट्टी थंड. दवाखान्याचा माणूस फाटकासाठी दोनदा येऊन गेला, तर त्याला म्हणाले, दवाखाना उघडाच असावा, फाटक कशाला. काल रात्री जेवताना मला समोर बसवलं आणि म्हणाले, तुला एक सांगायचंय, ऐकून घाबरू नकोस. मला वाटलं दुखणंबिखणं. तर म्हणे, मी नाकावर कधी नव्हतोच.

अगं, मी हसले. मला हसू आवरेचना.

लग्नाला तीन महिने झाले होते, तेव्हा छपराचा पत्रा सरकला. मी म्हटलं, चढा वर. हे शिडीच्या चौथ्या पायरीवर गेले आणि तिथेच थांबले. ना वर ना खाली. मी खालून म्हणते, अहो काय झालं, तर म्हणतात, "विचार करतोय." पाऊण तास विचार केला. शेवटी मीच चढून पत्रा बसवला आणि उतरताना यांना हाताला धरून खाली आणलं. त्या दिवशीच मी ओळखलं, हा माणूस कुठल्याही नाकावर बसलेला नाही. तुझ्या आईलाही ठाऊक आहे. माळ्यावरचा डबा काढायचा असला तर ती भावाला कधी सांगते का, बघ आठवून. स्टूल मलाच देते.

आम्ही बोललो नाही, कारण हे सांगताना यांचं तोंड असं उजळायचं. आणि तू ऐकताना तुझंही. मला वाटायचं, कुणाचं काय जातंय? पण तुझं गेलं, हे आता कळतंय. तेव्हा रागवायचं तर अर्धा राग माझ्यावर काढ.

मी सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, "चाळीस वर्षं तुला माहीत होतं?" म्हटलं, चाळीस नाही, एकेचाळीस. मग भात परत वाढून घेतला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

तू त्यांना चार ओळी लिही. कसल्याही चालतील.

मामी

०

१२ मार्च

प्रिय मामा, आणि मामी,

दोघांना मिळून लिहितेय, म्हणजे कोण आधी वाचणार यावर भांडण नको. मामीचं पत्र बैठकीच्या दिवशी सकाळीच आलं. खोलीत एकटी बसून इतकी हसले की खालच्या पहारेकऱ्याने वर येऊन विचारलं, ताई, बरं आहे ना?

आता बैठक. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझा मामा नाकावर नव्हता, मी न पडताळता सांगितलं, चूक माझी आहे. बाईंच्या हातात तुझं पत्र दिलं आणि खाली बसले. बाईंनी पत्र सावकाश वाचलं, पान उलटलं, परत पहिल्या पानावर गेल्या. मग मला विचारलं, "तू हे सगळं वाचलंस का?"

मी हो म्हणाले.

"शेवटपर्यंत?"

आता कबूल करते. डब्याच्या गोष्टीपुढे मला काही दिसलंच नव्हतं. बाईंनी सळ्यांचा भाग मोठ्याने वाचला आणि पत्रांची फाइल पुढे ओढली. पंधरावं पत्र एका वयस्क बाईंचं होतं. मी ते बाकीच्यांबरोबर नाकवाल्यांत टाकून दिलं होतं. त्यांनी लिहिलंय, नवरा डावखुरा होता, झोपाळ्याचा त्याचा पट्टा अजून घरी खुंटीला आहे, डावीकडूनच झिजलेला. प्रमुख बाईंनी ते तुझ्या पत्राशेजारी ठेवलं. मग सगळेच फाइलवर वाकले. एका मुलीचं पत्र निघालं, वडिलांना दगडाची धूळ सोसायची नाही, डोंगर सुटला तरी शिंका सुटल्या नाहीत. मामा, तुझा शिंक्या.

बाई म्हणाल्या, "एकतीस जणांनी आपापलं सांगितलं. या एकाने दुसऱ्यांचं सांगितलंय, आणि तेही स्वतःला बाहेर ठेवून. याच्यावर मी विश्वास ठेवते." दगड कापणाऱ्याला एक महिना थांबायला सांगितलं आहे. अनावरण आता १८ मेला. भिंत होणार.

आणखी एक. बाईंनी मला विचारलं, कानाची गोष्ट तुला कुणी सांगितली? मी म्हणाले, आधीच्या गाइडने. त्याला? त्याच्या आधीच्याने. मी दिवसातून सहा वेळा, तोंडावर तेज आणून ते सांगत होते. तेव्हा तुझ्यावरचा माझा राग जरा कुठे जाऊन बसला. खरं काय होतं, मामा? कान का राहिला?

आता मला सगळं हवं. प्रत्येक जुडी, प्रत्येक चकती, ज्याचं टोपणनाव आठवेल तो, आणि त्याचं खरं नाव. भट्टीवर तुझ्याबरोबर कोण होतं तेही. तुला लिहून कंटाळा आला तर तू सांग आणि मामीने लिहावं. शुद्धलेखन मी बघणार नाही.

पायऱ्या चढायच्या नाहीत. भिंत पायथ्याशी आहे.

तुझी भाची

०

२२ मे

पदवीबाई,

काल घरी पोचलो.

आधी तुझ्या कानाचं, कारण गर्दीत सांगायचं राहिलं. डाव्या कानाच्या सळ्या बोथट होऊन येत नसत, टोकं तुटून येत. आत दगड कुजका होता, मध्येच भुसभुशीत, मध्येच कडक. आठ दिवस असं झाल्यावर आमच्या मिस्त्रीने तुटक्या टोकांची पाटी भरून शिल्पकारांपुढे ठेवली. त्यांनी एक टोक हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "कान राहू दे, माणसं राहू देत." दुसऱ्या दिवशी तिथले झोपाळे काढले. हे सांगून कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का बघ. नाही आलं तरी हेच सांग.

तू विचारलंस की भिंतीपुढे मी इतका वेळ का उभा होतो. मी नावं मोजत होतो. एकशे सहा. माझ्याकडून कुणी सुटलं असेल तर दोघं-तिघं. भट्टीच्या रांगेत माझं नाव चौथं आहे, ते बरोबर आहे, मी चौथाच लागलो होतो.

डावऱ्याची बायको तुला भेटली का निघताना? तिने मला बाजूला घेऊन विचारलं, माणूस कामाला कसा होता? घरी तो बोलायचा नाही म्हणे, कुणाला वाटेल डोंगरावर नुसता बसून यायचा. मी सांगितलं, वहिनी, चार वर्षं त्याची जुडी माझ्या हातात होती. तिरकी झिजवायचा, पण एकही सळी तोडून पाठवली नाही. तिने पदर डोळ्याला लावला आणि मग मला म्हणाली, तुम्ही वर का नाही गेलात? म्हटलं, भीती वाटली. "बरं झालं," म्हणाली, "नाहीतर हे मला कुणी सांगितलं असतं?"

नंतर भिंतीपाशीच एका पाहुण्याने विचारलं, आजोबा, तुम्ही त्या काळात वर होता का? मी म्हणालो, नाही, मी खाली होतो. इतकं सोपं निघालं ते. त्याला वाटलं संपलं, तो निघाला होता, पण मी त्याला भट्टी सांगायला लागलो. पाऊण तासाने मामीने बाही ओढली, तोवर बारा-पंधरा जण जमले होते. तुझा गट पळवला असेन तर माफी असावी.

येताना गाडी सुटली आणि मला झोप लागली ती आपल्या स्टँडवर उतरेपर्यंत. मामी म्हणते, घोरण्याने शेजारच्याने जागा बदलली.

दवाखान्याचं फाटक बसलं. उघडतं आणि मिटतंही.

आता गल्लीत सांगायचं राहिलंय. सगळ्यात अवघड आपला न्हावी, कारण तीस वर्षं दर बुधवारी त्याच्या खुर्चीत बसून मी नाक घडवलंय, आणि तो ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतो. उद्या बुधवार आहे, जातोय. वस्तरा त्याच्या हातात असताना सांगावं की तोंड पुसून झाल्यावर, एवढं ठरत नाही. मामी म्हणते, आधीच सांगा, दाढी झाली नाही तरी चालेल.

मामा